तीन नंबरची पेटी

मगरीचं अंडं कसं उचलायचं ते मी ताईंना बघून सांगू शकतो. उचलू मात्र शकत नाही, कारण त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. मी केंद्राचा बोटवाला. खाडीत आत, जिथं मगरींची घरटी असतात, तिथं माणसं न्यायची आणि अंड्यांचे टब भरले की पोटातलं पाणीही हलणार नाही अशा बेतानं परत आणायचे, एवढं माझं काम. एकोणीस वर्षं ताई माझ्या बोटीत टब मांडीशी धरून बसल्या. बोट जराशी हिसकली की वळून बघायच्या. बोलायच्या नाहीत. ते बघणंच पुरायचं.

आमचं केंद्र खाऱ्या पाण्यातल्या मगरींचं. मगरींच्या साऱ्या जातींत ही सगळ्यात मोठी. आमच्याकडचा म्हातारा नर सतरा फुटांचा होता आणि लोक तिकीट काढून यायचे ते त्यालाच बघायला. तो तासन् तास तोंड वासून पडलेला असायचा. लोकांना वाटायचं रागावलाय. राग वगैरे काही नाही, उन्हात डोकं तापू नये म्हणून तोंड उघडं ठेवायचा. त्याच्या तळ्यात माद्या कितीही चालायच्या, दुसरा नर मात्र चालायचा नाही. एकदा सोडून बघितला होता. अर्ध्या तासात बाहेर काढावा लागला, तोही तीन पायांचा.

केंद्राचा खरा जीव मात्र अंडीघरात होता. मादी गवत आणि चिखल ओढून कमरेएवढा ढीग रचते, त्यात पन्नास-साठ अंडी घालते आणि शेजारच्या डबक्यात राखण करत पडून राहते. गवत कुजतं, त्या उबेवर अंडी वाढतात. पण मोठी भरती आली की खालच्या अंगाची घरटी बुडतात आणि सगळं संपतं. तेवढ्या घरट्यांतली अंडी आम्ही आधीच उचलून आणायचो. आता अंड्यातला जीव पहिल्याच दिवसात कवचाला वरच्या बाजूनं चिकटतो. नंतर अंडं उलटं झालं की तो आतल्या आत मरतो. म्हणून ताई प्रत्येक अंड्यावर, ते जागचं हलवायच्या आधी, पेन्सिलीनं वर रेघ मारायच्या आणि तीन बोटांनी उचलून तस्संच टबात ठेवायच्या. मादी दहा फुटांवर फुसफुसतेय, बांबूवाला घाम पुसत तिला थोपवतोय, आणि ताईंची बोटं घड्याळ दुरुस्त करणाऱ्यासारखी निवांत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या शंभरातली नव्वद अंडी फुटायची. बाकीची केंद्रं साठांवर खूश असत.

म्हणजे ताई साधीभोळी बाई होती असं मी म्हणत नाही. कुणी कौतुक केलं की भलतीकडे बघायच्या, पण कोण, कधी, कुणादेखत काय म्हणालं ते महिन्यासकट पाठ असायचं. आणि तोवर त्यांना कुणाचा हेवा करायची वेळही आली नव्हती. अंडीघरात त्या एकट्याच. एकट्या माणसाला हेवा करायला माणूस कुठून मिळणार?

ते माणूस त्यांनी स्वतःच आणलं. धाकट्या दिराचा कारखाना बंद पडला तेव्हा तो बायकोला घेऊन इकडे आला आणि कर्मचाऱ्यांच्या खोल्यांच्या ओळीत भावाच्या लगतच राहिला. एक भिंत, दोन बिऱ्हाडं. ताईंनीच केंद्राच्या साहेबांकडे शब्द टाकला की माझी जाऊ आहे, टब धुवायला घ्या. साहेबांनी घेतली. तिला सगळे धाकटी म्हणायला लागले. उंच, हसरी, एका जागी पाय न टेकणारी बाई. पहिलं वर्ष तिनं टब धुतले, गवत बदललं आणि ताईंच्या पाठीमागं उभं राहून बघितलं. ताईंनी तिला हातचं राखून न ठेवता शिकवलं, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या वर्षी एका घरट्यावर आमच्या बांबूवाल्याचा पाय मुरगळला. मादी डबक्यातून निघालेली, ताई ढिगावर वाकलेल्या, निम्मी अंडी अजून आत. मी बोटीवर. धाकटीनं बांबू उचलला आणि मादीच्या थेट समोर जाऊन उभी राहिली. मादीनं झेप घेतली. मगर जमिनीवर सुस्त दिसते, पण पहिल्या दोन-तीन हातांत तिच्यासारखं चपळ कुणी नाही. धाकटीनं तिच्या उघड्या तोंडात बांबू आडवा दिला. मादीनं तो चावून धरला, आणि ही हिसके खात पण पाय न हलवता म्हणाली, "ताई, घाई करू नका. हिला मी बघते." ताईंनी उरलेली सव्वीस अंडी एकेक रेघ मारून काढली. रेघ कुठंही वाकडी नव्हती.

पण ही दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षात राहिली नाही. लक्षात राहिला बांबू. पुढच्या खेपेला वर्तमानपत्राचा माणूस बोटीत होता. फोटो छापून आला. समोर धाकटी, बांबू, जबडा. आणि मागं ढिगावर एक पाठ. ती पाठ ताईंची. साहेबांनी ते कात्रण ऑफिसच्या फळ्यावर लावलं. ते एक वेळ सोसलं असतं. पण ताईंच्या नवऱ्यानं आणखी एक अंक आणला आणि तेच कात्रण आपल्या घरात कपाटावर चिकटवलं. वर म्हणाला, "अगं, तूपण आहेस की त्यात."

तेव्हापासून सुरू झालं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तसं. धाकटीला साहेब चहाला बोलवायचे, पाहुण्यांना तळ्यावर फिरवायला धाकटीला पाठवायचे. ती म्हाताऱ्या नराला मासा टाकताना लोकांना सांगायची की याला चावता येत नाही, नुसतं फाडता आणि गिळता येतं. की याचा दात पडला तर त्याजागी नवा येतो, आयुष्यभर येत राहतो. की पाण्याखाली गेला की याचं काळीज मिनिटाला दोन-तीन ठोक्यांवर येतं. हे सगळं तिला सांगितलं कुणी? ताईंनी. लोक टाळ्या वाजवायचे आणि अंडीघराच्या जाळीच्या खिडकीतून ते ताईंना दिसायचं. घरी आल्यावर भिंतीपलीकडून तिचं हसणं ऐकू यायचं. भिंत पातळ होती. ताईंचा नवरा कधी कधी या बाजूनंच हसायचा. ताईंच्या हातून त्या काळात दोन कप फुटले आणि दोन्ही त्यांनी निसटले म्हणून सांगितले.

तरी हे सगळं पोटात राहिलं असतं. फुटलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून.

पिल्लं अंड्यातून बाहेर यायच्या आधी आतून बोलतात. बारीक, घशातून आल्यासारखा आवाज असतो. घरट्यात तो आवाज ऐकून मादी ढीग उकरते आणि पिल्लांना त्याच जबड्यात धरून पाण्याकडे नेते, ज्यानं ती हाडं मोडते. अंडीघरात आई नसते. तिथं आवाज ऐकायचा तो ताईंनी, आणि पेटी उघडायची. अंडी उबवायचं यंत्र म्हणजे आमच्या भाषेत पेटी. अशा पाच होत्या. त्या वर्षी एका दुपारी दोघी टब पुसत होत्या आणि धाकटी म्हणाली, "ताई, बोलताहेत." ताईंनी कान दिला. काही नाही. पेटीजवळ गेल्या, झाकणाला कान लावला. पंख्याची घरघर, बाकी काही नाही. त्या म्हणाल्या, तुला भास झाला. धाकटीनं झाकण उघडलं, एक अंडं उचलून ताईंच्या तळहातावर ठेवलं. ते थरथरत होतं. कवचाला आतून नाकाच्या टोकावरच्या दातानं चीर पडलेली होती.

त्यांना ऐकू येत नव्हतं. एकोणीस वर्षं पंख्यांच्या घरघरीत काढल्यानं असेल, वयानं असेल. माणसाचं बोलणं ऐकू यायचं, भिंतीपलीकडचं हसणं तर नक्कीच ऐकू यायचं. फक्त तो एक बारीक आवाज गेला होता. त्या कुणाजवळही बोलल्या नाहीत. धाकटीही बोलली नाही. नंतर तो आवाज आला की ती नुसती ताईंच्या खांद्याला बोट लावायची. ताई मला पुढं म्हणाल्या, "ते बोट मला निखाऱ्यासारखं लागायचं."

पुढच्या मोसमात एका लांबच्या खाडीकडून मागणी आली. तिथं पूर्वी कातड्यासाठी शिकार झाली होती. मोठे नर लोकांनी आधी मारले, कारण कातडं मोठं. माद्या उरल्या, नर उरले नाहीत. तर आमच्याकडून तीसेक नर हवेत, दोन-अडीच वर्षं वाढवून द्या. मगरीच्या अंड्यात नर-मादी आधीपासून ठरलेलं नसतं. तिसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत पेटीत ऊब किती, त्यावर ठरतं. बत्तीस अंशांवर बहुतेक नर. तीसवर झाडून साऱ्या माद्या. दोन अंशांचा खेळ. साहेबांनी बावन्न अंड्यांचं एक घरटं निवडलं, ते तीन नंबरच्या पेटीत ठेवलं आणि तिची किल्ली सगळ्यांसमोर धाकटीच्या हातात दिली. म्हणाले, यावेळी हिला करू द्या, ताई आहेतच बघायला.

बघायला.

आता यापुढचं मला ताईंनीच सांगितलं, म्हणून मी सांगतोय. अंडी ठेवून अडीच आठवडे झाले आणि धाकटीला महिनाभराच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या केंद्रात पाठवलं. मोठ्या मगरी पकडून त्यांच्या शेपटीवरच्या खवल्यांना खुणा कशा करायच्या ते शिकायला. जाताना तिनं किल्ली ताईंना दिली. चौथ्या दिवशी दुपारी साहेब अंडीघरात डोकावले आणि हसत म्हणाले की तिकडून फोन आला होता, विचारत होते, ही बाई आम्हालाच देऊन टाकता का. एवढं बोलून गेले. बाहेर म्हाताऱ्याला खायला घालायची वेळ झाली होती, लोकांचा गलका चालला होता. ताई तीन नंबरच्या पेटीपुढं उभ्या राहिल्या आणि त्यांनी बटण बत्तीसवरून तीसवर आणलं. चिमटीत धरून जरासं वळवलं की झालं. वहीत लिहिलं, बत्तीस.

त्यांचं म्हणणं, चार दिवस ठेवून परत करायचं मनात होतं. चार दिवसांनी त्या पेटीसमोर गेल्या आणि हात उचललाच नाही. अंडी मरणार नव्हती, हे त्यांना माहीत होतं. मेली असती तर त्यांनी ते केलंच नसतं, यावर माझा विश्वास आहे. पिल्लं धडधाकट निघणार, धाकटीचं नाव होणार, आणि दोन वर्षांनी कधीतरी नर-मादी तपासतील तेव्हा ते नाव खाली येणार. तोवर कुणाला काही दिसणार नाही. इतका लांबचा हिशेब मांडणारी बाई मी दुसरी बघितली नाही.

महिना संपला. धाकटी ठरल्यापेक्षा एक दिवस आधी, पहाटेच्या गाडीनं आली. घरी पिशवी टाकली आणि तडक अंडीघरात गेली, दुसरी किल्ली साहेबांच्या घरून मागून. ताई आठला पोचल्या तेव्हा ती टब पुसत गुणगुणत होती. ताईंचं लक्ष पहिलं बटणाकडे गेलं. ते बत्तीसवर होतं.

धाकटी म्हणाली, "ताई, वाळलात हो तुम्ही." आणि तिकडच्या गोष्टी सांगायला लागली.

झालं, चोराच्या मनात चांदणं. तिनं बघितलं का? बघून फिरवलं का? की साहेबांनी रात्री फेरी मारताना फिरवलं? की आपणच आदल्या दिवशी फिरवून विसरलो? विचारायची सोय नव्हती. विचारलं की कबूल केल्यासारखंच. त्या धाकटीच्या तोंडाकडे बघत राहायच्या, आणि तिचं तोंड नेहमीसारखंच हसरं.

अंडी नऊ दिवस उशिरा फुटली. थंड पेटीत उशीरच होतो. साहेबांनी भुवया उंचावल्या, वही बघितली, बत्तीस बत्तीस बत्तीस. बावन्नातली सत्तेचाळीस पिल्लं निघाली, आणि अशी टणक की कधी नाही. साहेब धाकटीला म्हणाले, पहिल्याच खेपेला ताईंच्या बरोबरीला आलीस. ताई तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, हो, हात चांगला आहे तिचा. हे वाक्य बोलताना जिभेला काय झालं असेल ते त्यांनाच माहीत.

दोन वर्षं अशी गेली. आधी नुसता जळफळाट होता, आता त्याच्या जोडीला धास्ती आली. पिल्लं सहा-सात जणांच्या टोळीनं टाकीत पडून असायची, हळूहळू वीतभराची हातभर झाली, चार फुटांना पोचली. मगर काही वर्षानुवर्षं न खाताही काढते असं नाही, पण महिनोन्‌महिने काढू शकते, तशा ताईही त्या काळात न खाता राहिल्यासारख्या दिसायच्या. घरट्यांवर जाताना बोटीत दोघी असायच्या. धाकटी माझ्याशी गप्पा मारायची. ताई पाण्यात बघायच्या. एखाद्याला पाण्यात पाहणं म्हणतात ना, ते मी अक्षरशः बघितलं. पाण्यात धाकटीचं प्रतिबिंब पडलेलं असायचं.

मग तो दिवस आला. एक्केचाळीस जगली होती. मगरीचा जबडा मिटताना त्याच्यासारखा जोर कुठल्या प्राण्यात नाही, पण उघडायचे स्नायू इतके दुबळे की सायकलच्या ट्यूबच्या एका पट्टीनं तोंड बंद राहतं. नाक दाबलं की तोंड उघडतं ही म्हण मगरीला लागू नाही. धाकटी एकेकीला पट्टी बांधून उताणी करायची, साहेब शेपटीच्या मुळाशी बोट घालून तपासायचे आणि सांगायचे. मी लिहून घेत होतो. पहिली मादी. दुसरी मादी. पाचवीपर्यंत साहेब गंमत करत होते. बारावीनंतर ते बोलायचे थांबले, नुसती मान हलवायचे. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस माद्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्या अंड्यांशी संबंध आलेल्या सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. मलाही, कारण अंडी माझ्या बोटीतून आली होती. पेटी तपासून झाली होती, तिच्यात दोष नव्हता. साहेब म्हणाले की वहीत एक दिवसही बत्तीसच्या खाली आकडा नाही, म्हणजे एकतर मगर खोटी किंवा वही खोटी, आणि मगरीला लिहिता येत नाही.

ताई खुर्चीच्या कडेला टेकल्या होत्या. नंतर मला म्हणाल्या, सांगून टाकायचं ठरवूनच गेले होते. खरं असेल, कारण त्यांनी तोंड उघडलेलं मी बघितलं. पण धाकटी आधी बोलली.

ती म्हणाली, "चूक माझी आहे साहेब. प्रशिक्षणाला जाताना घाईत बटण तीसवर राहिलं असणार. मी ताईंना सांगून गेले होते की बटणाला हात लावू नका, नुसतं बत्तीस लिहीत जा. त्यांनी माझ्या शब्दावर लिहिलं."

साहेबांचा चेहरा हळूहळू निवळला. ते म्हणाले, इतक्या वर्षांत आपली चूक आपणहून सांगणारं माणूस मी या खोलीत पहिल्यांदा बघतोय. आणि त्यांनी धाकटीकडे असं बघितलं, जसं त्या कात्रणाकडे बघायचे.

ताई उभ्या राहिल्या. आवाज चढला नव्हता.

"खोटं बोलतेय ती. बटण मी फिरवलं. मुद्दाम."

साहेबांना कळेना. त्यांनी विचारलं, मुद्दाम कशासाठी?

"ती माझ्या डोळ्यात खुपत होती म्हणून. चोवीस दिवस तीसवर ठेवलं आणि बत्तीस लिहिलं. आणि मला आता अंड्यांचा आवाज ऐकू येत नाही, तेही लिहून घ्या. हिला तीन वर्षं माहीत आहे." मग धाकटीकडे वळून म्हणाल्या, "माझं पाप तरी माझ्यापाशी राहू दे. तेही तुलाच हवंय का?"

मी ते ऐकलं आणि मला कळलं की ही बाई पश्चात्तापानं कबूल झालेली नाही. पश्चात्ताप होता, पण तो दोन वर्षं बसून राहिला होता. तिला उठवलं ते साहेबांच्या त्या एका बघण्यानं.

ताईंचं अंडीघर गेलं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, ती त्यांनी तिकिटाच्या खिडकीत काढायची असं ठरलं. पाचही पेट्यांच्या किल्ल्या धाकटीकडे गेल्या. नवरा आठवडाभर बोलला नाही, मग एके दिवशी बोलायला लागला. ज्या खाडीला नर हवे होते तिला पुढं पाच वर्षं मिळाले नाहीत. तिथल्या माद्या वर्षानुवर्षं पोकळ अंडी घालत राहिल्या. ते कुणी भरून दिलं नाही, आणि ताईंनी तसं कधी भासवलंही नाही.

एक्केचाळीस माद्यांचं करायचं काय, म्हणून साहेबांनी चार ठिकाणी पत्रं लिहिली. शेवटी एका नदीच्या मुखाजवळचे लोक एकोणतीस घ्यायला तयार झाले, बाकीच्या आमच्याकडेच राहिल्या. मोठ्या गाडीला आमच्या बाजूला रस्ता नव्हता, म्हणून माझ्या बोटीतून पलीकडच्या धक्क्यावर न्यायच्या होत्या. त्या सकाळी तिकिटाची खिडकी बंद दिसली आणि ताई टाकीपाशी येऊन उभ्या राहिल्या. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी पदर खोचला आणि पहिल्या मादीच्या शेपटीला हात घातला. धाकटीनं डोक्याकडची बाजू धरली. चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक मगरीच्या डोळ्यांवर ओलं फडकं टाकायचं, म्हणजे ती शांत पडून राहते. दोघी एकमेकींकडे न बघता ते करत होत्या.

शेवटची मादी गाडीत चढली, गाडी गेली आणि दोघी धक्क्याच्या पायरीवर टेकल्या. मी दोर सोडत होतो. तेव्हा ताईंनी विचारलं.

"तू आलीस त्या सकाळी बटण तीसवर होतं. बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

धाकटी ट्यूबची उरलेली पट्टी बोटाला गुंडाळत होती. "तुम्ही कधी बोलता ते बघत होते. पहिले दिवस वाटायचं, आज बोलतील. मग मला बरंच वाटायला लागलं. तुम्ही माझ्यासमोर मान खाली घालून वावरायचात ते."

"बरं वाटायचं?"

"हो. तुम्हाला काय वाटतं, जळायला तुम्हालाच येतं? बांबू काय, दांडगं माणूस कुणीही धरेल. मी उचललेल्या अंड्यांत दर वेळी आठ-दहा काळी पडतात. तुमच्यात चार-पाच. चार वर्षं तुमच्या बोटांकडे बघतेय आणि अजून मला कळत नाही तुम्ही काय करता."

ताईंनी आपल्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आणि ऑफिसात माझं पाप अंगावर का घेतलंस?"

"तुमच्यापेक्षा मोठी दिसावं म्हणून."

"दिसत होतीस की. साहेब हरखले होते."

"तुम्ही दिसू दिलंत कुठं?"

मला वाटलं आता दोघी हसतील. हसल्या नाहीत. ताई उठल्या, साडीवरचा चिखल झटकला आणि बोटीत येऊन बसल्या. धाकटीही आली. जागा भरपूर होती, तरी दोघी एकाच फळीवर बसल्या, तोंडं मात्र एकीचं या काठाकडे, दुसरीचं त्या. अर्ध्या वाटेवर आल्यावर ताईंनी मान न वळवता आपला उजवा हात पुढं केला, तीन बोटं जुळवली आणि धाकटीला म्हणाल्या की अंगठा तू फार वर धरतेस. धाकटीनं आपली बोटं तशी करून बघितली. ताई म्हणाल्या, अजून खाली.